मेहुण्याचं लायसन आणि माझी कवायत

माझ्या मेहुण्याने लायसनच्या परीक्षेत साहेबांचा चष्मा उडवला. मी शिकवलं होतं अगदी तस्सा उडवला. त्यात त्याची काही चूक नव्हती.

बहात्तर सालची गोष्ट. मी तेव्हा सोनईजवळच्या एका शाळेत मास्तर होतो. (गणित, भूगोल आणि कवायत. कवायत मी मागून घेतली होती, शिट्टीची हौस!) पावसाने पाठ फिरवलेली, विहिरीत बादली तळ खरवडत होती. अशात बायकोचा धाकटा भाऊ बबन तिसगावहून आला. साखर कारखान्यात ड्रायव्हरची जागा निघाली होती. ट्रॅक्टर तो लहानपणापासून चालवायचा, पण कारखान्याला लायसन हवं होतं, तेही महिनाअखेरच्या आत. आणि लायसनला परीक्षा! आधी नियमांचे लेखी प्रश्न, मग हाताचे इशारे करत गाडी चालवून दाखवायची.

"दाजी, गाडीचं भ्या न्हाई वो," बबन म्हणाला. "कागदाचं हाय. पाचवीत शाळा सोडली ती काय उगंच? ही जागा गेली तर मग दुष्काळी कामावर खडी फोडायची."

"मी आहे ना!" मी म्हणालो. ह्या तीन शब्दांनी आमच्या घराचं जेवढं नुकसान केलंय तेवढं दुष्काळानेही केलं नसेल.

नगरहून नियमांचं पुस्तक आणलं आणि पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं.

"अरुंद पूल आला?"

"समोरच्याला आदी जाऊ दीन!"

"हॉर्न कुठे वाजवायचा नाही?"

"दवाखान्याफुडं!"

आठ दिवसांत भाकरी थापता थापता बायकोही उत्तरं द्यायला लागली. तीही बबनच्या आधी!

मग इशारे. मुख्य तीन. हात ताठ बाहेर म्हणजे उजवीकडे वळतोय, हात वर म्हणजे थांबतोय, पंजा खालीवर म्हणजे गाडी हळू करतोय. हे मी कवायतीसारखे आकड्यांवर बसवले. मी ओट्यावर, बबन समोर खाटेवर, स्टिअरिंग म्हणून त्याच्या हातात पिठाची चाळण. मी शिट्टी मारायचो. "एक!" माझा हात ताठ, त्याचा हात ताठ. "दोन!" माझा वर, त्याचा वर. "तीन!" दोघांचे पंजे खालीवर. काय ती एकतानता! शेजारीपाजारी बघायला यायचे.

फक्त बायकोला शंका. "अहो, उसाचे ट्रकवाले हात भाईर काढत्यात. ह्याचा कुनीकडं निघतोय?"

"जीपला दोन्हीकडून बाहेर असतं," मी म्हणालो. "तू तवा बघ, भाकरी करपतेय."

ती आत गेली. (भाकरी करपली नव्हती.)

परीक्षेला ओळखीच्या एका बागायतदाराची जीप नेली. लेखी प्रश्नांत बबनचं एकही उत्तर चुकलं नाही. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी राहिली. "विद्यार्थी माझा आहे हं!" मी साहेबांना सांगून टाकलं. "मागे बसू का?" साहेब भला माणूस. बसा म्हणाले.

जीप निघाली. बबन स्टिअरिंगवर, त्याच्या डाव्या हाताला साहेब, मागे मी. गाडी काय चालवली पठ्ठ्याने! पोटातलं पाणी हललं नाही.

"आता हळू करा," साहेब म्हणाले.

बबनने शिस्तीत डावा हात आडवा केला आणि साहेबांची मांडी थोपटायला लागला. तान्ह्या पोराला निजवावं तशी! साहेब जरा सरकले. हातही सरकला.

"अहो, हे काय चाललंय?"

"तीन लंबर, साहेब!"

"पुढे बघा! उजवीकडे घ्या!"

त्याला आठवणार नाही ह्या काळजीने मी मागून ओरडलो, "एक! एक!"

हात ताठ निघाला. साहेबांचा चष्मा थेट बाभळीखाली.

"थांब! अरे थांब!"

"दोन!" मी. (गप्प बसायचं ना! पण मास्तरकी अंगात मुरलेली.) हात वर गेला, तो साहेबांची टोपी घेऊनच. जीप मात्र सुरेख थांबली.

"हे तुला शिकवलं कुणी?" साहेब नाक धरून.

"दाजींनी!" बबन अभिमानाने म्हणाला. "मास्तर हायत!"

"उतरा मास्तर. दाखवा कसं शिकवलंत."

मी उतरलो. बबनला समोर उभं केलं आणि "एक!" म्हणून उजवा हात काढला. त्याने डावा काढला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला! कवायतीत पोरं समोरच्या मास्तरांच्या बाजूचाच हात उचलतात. म्हणून मास्तरांनी 'उजवा' म्हणताना आपला डावा उचलायचा असतो. चौदा वर्षं मी तसंच केलं. पण ही पडली सरकारी परीक्षा, म्हणून मी प्रामाणिकपणे खराखुरा उजवा उचलला होता! शाळेत कवायत केलेल्या बबनने माझ्या बाजूचा, म्हणजे त्याचा डावा उचलला. आणि मला समोर दोन हात एका बाजूला दिसले की सगळं बरोबरच वाटायचं.

साहेबांनी चष्मा पुसला. एक काच तडकली होती. "गाडी चांगली चालवतो. पुढच्या सोमवारी पाठवा परत." मग माझ्याकडे बघत, "मास्तर, तुम्ही मात्र घरी थांबा."

सोमवारी महिन्याचा शेवटचा दिवस होता. येताना बबन आपले तळवे उलटेसुलटे करून बघत होता. मग म्हणाला, "दाजी, खडी फोडायचा हातोडा लई जड आसतो का वो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या गुणी पोराची भाकरी मी शिट्टीच्या हौसेपायी घालवायला निघालो होतो.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. तिने खाट डाव्या बाजूने भिंतीला लावली, बबनला डावा खांदा भिंतीला चिकटवून बसवलं. "आता काढ हात. कुनीकडं निघतोय?"

"हिकडंच निघतोय की, आक्का!"

"मग ह्योच काढायचा."

दहा मिनिटांत शिकवणी संपली. मला ओट्यावर फिरकायलाही बंदी होती.

सोमवारी मी शाळेत होतो, पण लक्ष सगळं नगरच्या रस्त्याकडे. एका मुलाचं चुकलेलं गणित मी दोनदा बरोबर दिलं. शेवटच्या तासाला बबन धावतच वर्गात शिरला. एका हातात लायसन, दुसऱ्यात पेढ्यांचा पुडा. उद्यापासून कामावर! सगळ्या पोरांदेखत त्याने माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"दाजी, लई उपकार झाले तुमचे!"

"अरे, मी काय केलं?" मी विनयाने म्हणालो, पोरांना नीट ऐकू जाईल अशा बेताने.

"तुमी आला न्हाईत ना!"