जुईचा गालावरचा हात

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. एकदा सांगायला बसले होते, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी उठले. निमित्त बरं सापडलं. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही जुईला ओळखत नाही.

जुई माझी मुलगी. तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि एक शब्द बोलत नव्हती. आणि मी कोण? तळेगावातल्या एका शाळेत पहिलीची बाई. तोंड न उघडणारी पोरं ह्या बाई पंधरा दिवसांत बोलती करतात, अशी माझी ख्याती! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच — लोकांनी म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकते.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तिला लोणावळ्याला ऑक्युपेशनल थेरपीला न्यायचे. तिथल्या मॅडम तिला झोपाळ्यावर पालथं झुलवायच्या, राजम्याने भरलेल्या टबात हात घालायला लावायच्या, कपड्यांचे चिमटे दाबायला द्यायच्या. कणकेला बोट लागलं तरी किंचाळणारी पोर तीन महिन्यांत गोळे वळायला लागली. बोलणं नव्हतं, म्हणून त्या खुणा शिकवत होत्या. मुठीवर मूठ म्हणजे 'आणखी' — ती आली. गालावर तळहात म्हणजे 'आई' — ती मात्र येईना. मॅडमनी एकच बजावलं होतं. तिने खूण केली की हातातलं काम टाकून लगेच उत्तर द्यायचं. उत्तर मिळालं नाही तर मूल मागणंच सोडून देतं.

रोज संध्याकाळी मी तिच्यासमोर बसून स्वतःच्या गालावर हात ठेवायचे. महिनोन्महिने. ती माझ्या कानातल्याकडे बघत बसायची.

आता सांगते. किती वेळ इकडचं तिकडचं बोलणार?

एका शनिवारी थेरपी आटोपून आम्ही चिक्कीच्या दुकानात उभ्या होतो. माणसं, आरडाओरडा, पंख्यांची घरघर — जुई हात फडफडवत, टाचा उचलून गोल फिरायला लागली. तेवढ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई समोर आली. सगळ्या शाळेच्या बातम्या जिच्याकडे असतात, अशी. तिने जुईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुणाची हो ही, बाई?"

"नणंदेची," मी म्हणाले.

विचारसुद्धा केला नाही. आणि तेव्हाच जुई फिरायची थांबली, तिने माझ्या चेहऱ्याकडे सरळ बघितलं, आणि गालावर तळहात ठेवला. पहिल्यांदा. घाबरली होती, आणि घाबरल्यावर तिला मी हवी होते. त्या बाईंनी विचारलं, गालाला काय झालं हिच्या? दाढ दुखतेय, मी म्हणाले — आणि जुईचा हात धरून खाली घेतला. तिने पुन्हा ठेवला. मी पुन्हा खाली घेतला. मग तिने ठेवला नाही.

कशाची लाज वाटली मला? पोरीची? नाही हो — माझ्या त्या ख्यातीची काळजी होती.

त्यानंतर जुईने 'आई'ची खूण केलीच नाही, 'आणखी'ही सोडून दिली. मॅडम गोंधळल्या. घरी काही झालं का, कुणी रागावलं का? तीन शनिवार त्यांनी मला विचारलं. तिसऱ्या शनिवारी मी म्हणाले, "सासूबाई तिला मागायच्या आधीच सगळं हातात देतात."

हे खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त वाईट. सासूबाई परंदवडीच्या, सगळा जन्म भातखाचरात गेलेला. मी शाळेत असताना जुईला सांभाळायला रोज तिथून यायच्या. पोरीने नुसतं पाण्याकडे बघितलं तरी तांब्या हजर. मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. मॅडमनी अगदी प्रेमाने समजावलं, आजी, तुम्ही आधीच दिलंत तर ती मागेल कशाला? त्या मान हलवत राहिल्या. परतताना हळूच मला म्हणाल्या, "माज्या लाडानंच पोर मुकी ऱ्हायली व्हय गं?"

मी दुसरीकडे बघितलं. नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो?

खुणा परत यायला सात महिने लागले. जुई आता सहा वर्षांची आहे. शब्दही आलेत — पाणी, चल, नको, आई. मॅडम नव्या पालकांना कौतुकाने सांगतात, या आजींनी स्वतःला आवरलं म्हणून हे जमलं. सासूबाईंनाही ते पुरतं पटलंय. जुई जवळ आली की त्या दोन्ही हात पदराखाली घेऊन बसतात, चुकून काही दिलं जाऊ नये म्हणून.

मागच्या रविवारी परंदवडीला जुई अंगणात पडली. गुडघा फुटला, मोठ्याने रडायला लागली. सासूबाई दोन पावलांवर बसलेल्या. अंग पुढे झुकलं त्यांचं, पण हात पदराखालून निघाले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उचलू का गं? का तिला आदी मागू द्यायचं?"

मी म्हणाले, उचला. तेवढंच म्हणाले.