दोन लिटरपर्यंत चालतं

उजव्या हाताचं बोट वर करून काका म्हणायचे, "विचारून घेतलंय मी." आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या सोसायटीत हे वाक्य न ऐकलेला माणूस नसेल. गच्चीवर पापड वाळत घालायचे तरी ते आधी चेअरमनना विचारत. दिवाळीत लाडू खाऊ का, हे दोन डॉक्टरांना विचारत आणि जो नको म्हणेल त्याचं ऐकत. तुमच्याही शेजारी असा एखादा असेल. आपण त्याला हसतो, आणि गावाला जाताना किल्ली मात्र त्याच्याकडेच ठेवतो.

रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर काका-काकू लेकीकडे मस्कतला निघाले. चेअरमन जिन्यातच भेटले. "काका, येताना विमानतळावरून माझ्यासाठी एक सरस बाटली आणा ने!" मी शेजारीच उभा होतो. काकांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण कुणाला नाही म्हणणंही त्यांना जमत नसे.

परतताना मुंबईला त्यांनी कस्टमच्या साहेबासमोर स्वतःहून बाटलीची पिशवी उघडली. साहेब हसला. "दोन लिटरपर्यंत चालतं, आजोबा. जा."

बडोद्याला येणाऱ्या टॅक्सीत काकूंना राहवेना. "अहो, आपल्याकडे दारूबंदी आहे ना?"

"विचारून घेतलंय मी. देशात आणायची परवानगी दिली, ती काय वलसाडच्या अलीकडे संपते?"

संपते. राज्याच्या हद्दीवर पोलिसांनी गाडी थांबवली. इथंही पिशवी काकांनीच पुढे केली, वर विमानतळावरचं बिल. हवालदारालाच वाईट वाटलं. "काका, आ तो गुजरात छे." त्यानं पिण्याचं परमिट मागितलं. कधीच न पिणाऱ्या माणसाकडे ते कुठलं असायला? गुन्हा दाखल झाला. काकूंचा फोन आला तसा मी वकील घेऊन पोहोचलो. काका बाकावर चपला काढून बसले होते, देवळात बसावं तसे.

जामीन झाल्यावर गाडीत मी चिडून विचारलं, "बाटली कुणासाठी होती ते का नाही सांगितलंत?"

"त्यांनी नुसतं आणा म्हटलं. आणली मी."

चेअरमनकडे गेलो तर ते म्हणाले, "अरे भाई, मी गमतीत बोललो होतो! एवढंही समजत नाही?" त्यांच्याकडे तब्येतीच्या नावावर काढलेलं परमिट होतं. कपाटही भरलेलं होतं. पुढच्याच मीटिंगमध्ये त्यांनी ठराव मांडला: सोसायटीचं नाव पेपरात आलं, तेव्हा काकांना गणपती मंडळातून काढावं. हात वर झाले. मी विरोध केला, पण मागे वळून पाहिलं तर काकांचाही हात वर होता.

खटला चालूच राहिला. एका तारखेला साक्षीदार नसे, दुसऱ्या तारखेला न्यायाधीश रजेवर. मधल्या काळात लेकीला दिवस गेले. खटला असताना परदेशी जायचं तर कोर्टाची परवानगी हवी. काकांनी अर्ज केला, तो पुढच्या तारखेवर गेला. तोवर बाळ झालंसुद्धा. नातवाला त्यांनी फोनवर पाहिलं. लेकीला म्हणाले, "उचलल्यावर जड लागतो का गं?"

त्यानंतर काकांनी कुणाला काही विचारणं सोडलं. दिवाळीला मी लाडू पुढे केला, तर निमूटपणे उचलून खाल्ला. मला हसू आलं नाही.

या हिवाळ्यात ते गेले. खटल्याचा निकाल अजून लागलेला नव्हता.

शोकसभा सोसायटीच्या आवारात झाली. चेअरमन पांढऱ्या कपड्यांत माईकपुढे उभे राहिले. डोळ्यांना रुमाल लावून म्हणाले, "काकांसारखा निर्व्यसनी माणूस मी पाहिला नाही. आयुष्यात कधी दारूला शिवले नाहीत."

काकू उठल्या. टेबलापाशी जाऊन त्यांनी काकांचा फोटो उचलला, त्यावरचा सोसायटीचा हार काढून तिथंच ठेवला आणि फोटो छातीशी धरून जिना चढून वर गेल्या. चेअरमन क्षणभर अडखळले. मग त्या हाराकडे बघत त्यांनी भाषण पुढे चालू केलं.