गॅस शेवटचा कोणी भरला?

मी संशयी आहे. लोकांनी पाठीमागे बोलण्याआधी मीच सांगून टाकलेलं बरं. दुधात बोट बुडवल्याशिवाय मी भांडं आत नेत नाही, आणि रिक्षात बसले की रस्त्याकडे नाही, मीटरकडे बघते. लग्न ठरत होतं तेव्हा मी मुलाची पगाराची स्लिप मागितली होती. सगळी बैठक अवघडून गेली. मुलाने मात्र मुकाट्याने खिशातून काढून दिली, आणि तिथेच तो मला आवडला.

हा स्वभाव माहेरचा. वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते आणि आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहायचो. फाटकावर रोज प्रत्येकाची झडती व्हायची. काडेपेटी, विडी, जे काही पेट घेईल ते बाहेर ठेवायचं. फाटकावरचा पहारेकरी आमचा शेजारी. रविवारी आमच्याकडे जेवून जायचा आणि सोमवारी सकाळी वडिलांचे खिसे उलटे करायचा. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. एकदा त्याने घाईत नुसतंच "जा, जा" म्हटलं, तर वडील तिथून हलेनात. "आधी बघ," म्हणाले. संध्याकाळी घरी येऊनही धुसफुसत होते. ओळखीच्या माणसाची झडती घ्यायची नसते, हे आमच्या घरात मला कोणी शिकवलंच नाही.

हे मला शिकवायला निघाले ते सासरचे. सासऱ्यांचं स्वारगेटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत, गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं दुकान होतं. मी त्यांना मामा म्हणायचे. आयटीआयमध्ये मी फ्रिज-एसीचा कोर्स केलेला, नवरा बँकेत, त्याला पान्याची भीती वाटते. तेव्हा मामांबरोबर दुकानात उभी राहिले ती मी. मामांना त्याचं कौतुक होतं. पाहुण्यांना सांगायचे, "मुलगा नाही, सूनच आली हाताशी." फक्त माझा एक प्रश्न त्यांच्या डोक्यात जायचा. गाडी दारात थांबली की बॉनेट उघडण्याआधी मी मालकाला विचारायचे, "गॅस शेवटचा कोणी भरला?"

प्रश्न उगाच नव्हता. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. जुन्या एसीत जो गॅस असायचा तो मिळेनासा झाला होता आणि मिळाला तर परवडेनासा. नव्या गाड्यांचा गॅस वेगळा, तो जुन्या यंत्रात तसाच भरून चालत नाही. मग रस्त्याकडेच्या काही बहाद्दरांनी सोपी वाट काढली. जुन्या एसीत सरळ स्वयंपाकाचा गॅस भरायचा. गाडी झकास थंड होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. आपल्या शेगडीतला गॅस आता आपल्या मांडीसमोरच्या नळ्यांतून फिरतोय, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगत नाही.

आणि आमच्या दुकानात गळती शोधायची पद्धत होती ज्योतीची. पितळेचा छोटा दिवा, खाली त्याचं इंधन, बाजूला एक रबरी नळी. दिवा पेटवायचा आणि नळीचं टोक एसीच्या पाइपांवरून, सांध्यांवरून फिरवायचं. जुना गॅस कुठे गळत असेल तर तो नळीतून ज्योतीत जातो आणि निळी ज्योत हिरवी होते. मामांचा या दिव्यावर फार जीव. हिरवी ज्योत म्हणजे विषारी धूर, मी सांगून थकले. "इतकी वर्षं काम करतोय, मेलो का?" एवढंच त्यांचं उत्तर. मी दुकानाची दोन्ही शटर वर करायचे आणि पंखा लावायचे. इंजिन गार झाल्याशिवाय जोडणी खोलत नसे, आणि खोलताना डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, कारण आतला गॅस अंगावर उडाला तर कातडी गोठते. सिलिंडर आला की आधी त्याचं वजन बघायचे, मग सील, मग आणणाऱ्याचं तोंड. "सीआयडी आली," म्हणून गल्लीतले लोक हसायचे. हसू देत.

तर एका एप्रिलमध्ये, भर दुपारी, मामांचे मित्र गाडी घेऊन आले. दोघे शाळेपासूनचे सोबती. हे काका शिक्षक होते, निवृत्त होऊन वारज्याला राहायला गेलेले. गाडी जुनी, एसी त्यात मामांनीच हौसेने बसवून दिलेला, कारण काकूंना ऊन सोसत नसे. "गार हवा पुन्हा रुसली रे," म्हणत काका उतरले. मामा दिवा आणायला आत वळले आणि मी माझा प्रश्न विचारला.

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय हो सूनबाई, तुमच्या सासऱ्यांशिवाय या गाडीला हात कोण लावणार? त्यांनीच भरला होता, गेल्या उन्हाळ्यात. पुरावा मागाल तर नाही. मैत्रीत आम्ही पावत्या फाडत नाही."

आतून मामांचं मोठ्याने हसणं ऐकू आलं. मला राग आला, पण मी बॉनेट उघडलं. इंजिनावर सगळीकडे तेल आणि धुळीचा काळा थर होता. गॅस भरायच्या तोंडावरची टोपी तेवढी स्वच्छ, आणि तिच्या कडांवर पक्कडीचे ताजे, चकाकणारे ओरखडे. मामा टोपीला कधी पक्कड लावत नसत, बोटांनीच फिरवायचे. मी मान वर केली. एरवी काका कामावर उभे राहून आमच्या सतरा चुका काढायचे. आज ते समोरच्या टपरीकडे चहाला निघाले होते. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मामा दिवा आणि काडेपेटी घेऊन आले.

"मामा, आज ज्योत नको. साबणाच्या पाण्याने बघू."

"का?"

"आत काय आहे त्याची खात्री नाही."

"त्याने सांगितलं ना?"

"सांगितलं. पण ही टोपी बघा, कोणीतरी हल्लीच उघडली आहे."

मामांनी टोपीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "हे बघ, गिऱ्हाइकांना विचारतेस, मी चालवून घेतो. पण माझ्या मित्राला माझ्या दुकानात खोटं पाडायचं नाही. तो घरचा माणूस आहे."

ते बॉनेटखाली वाकले. दिवा सांध्यांच्या अगदी जवळ, त्यांचं तोंड दिव्याच्या जवळ, आणि काडी पेटीवर टेकलेली. मला खरंच भीती वाटली. संशय चुकीचा निघाला तर घरात वर्षभर तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती, आणि बरोबर असला तर या माणसाचा चेहरा माझ्यासमोर जळणार होता. मी काडेपेटी त्यांच्या हातातून हिसकावून घेतली. सासऱ्यांच्या हातातून, भर दुकानात.

मामांनी दिवा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाठ केली. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

"गाडी ढकलून बाहेर घेऊ," मी म्हणाले. "सुरू करायची नाही." मी काकांना अर्ध्या चहावरून बोलावून आणलं. तिघांनी मिळून गाडी टपरीच्या शेगडीपासून लांब, गल्लीच्या टोकाला डेपोच्या भिंतीशी नेली. सगळे घामाघूम. मी चष्मा चढवला, मोजे घातले, टोपी काढून गॅस भरायच्या तोंडावर एक जुनं फडकं धरलं आणि आतली पिन क्षणभर दाबली. फस्स झालं. फडकं गार आणि तेलकट झालं.

मला वास आला. कोणत्याही बाईला डोळे मिटून ओळखता येईल असा. शेगडीचाच गॅस. खोटं कशाला सांगू, भीतीत विजयाचा आनंदही होता. मी फडकं मामांसमोर धरलं. "सांगा, कसला वास येतोय?"

मामांनी फडकं नाकाशी नेलं. शांतपणे, बराच वेळ धरलं.

"तेलाचा," ते म्हणाले. "एसीचं तेल आहे. दुसरं काय असणार?"

मैत्री राखायची म्हणून माणूस इतकं धडधडीत खोटं बोलेल? स्वतःच्या जिवावर बेतलेलं असताना? माझ्या तोंडून काय निघालं असतं देव जाणे, पण तेवढ्यात काकांनीच रुमाल काढून नाकाला लावला. ते गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभे होते. त्यांची मान खाली गेली होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "मागच्या महिन्यात रस्त्यातच एकाकडून भरून घेतला. काय भरतोय ते मला काय कळतंय? हिला दवाखान्यात न्यायचं होतं, ऊन होतं." मग मामांकडे वळून म्हणाले, "तू एक पैसा घेत नाहीस माझ्याकडून. किती वेळा असं फुकट यायचं? आणि दुसरीकडे गेलो, हे तुझ्या तोंडावर सांगायची लाज वाटली रे."

मामा मित्राकडे बघत होते, पण ऐकत होते असं वाटलं नाही. त्यांची नजर काकांच्या रुमालावर होती. मग त्यांनी हातातलं फडकं पुन्हा नाकाशी नेलं, पार दाबून धरलं, छाती भरून श्वास घेतला.

"तुला तिथून येतोय?" त्यांनी काकांना विचारलं.

"अरे, भयंकर येतोय. डोकं उठलं."

मामा भिंतीकडेच्या दगडावर बसले. फडकं गुडघ्यावर ठेवलं, त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"मला नाही येत," ते म्हणाले.

"मामा, हा नाही येत की कुठलाच नाही?"

"कुठलाच नाही. बरेच दिवस झाले. आधी वाटलं सर्दी आहे." मग म्हणाले, "कोणाला सांगणार? बसून राहा म्हणाला असतात."

काका गाडीला वळसा घालून आले आणि त्यांच्याजवळ उभे राहिले. खांद्यावर हात ठेवला नाही, नुसते उभे राहिले. मी चष्मा काढला. रोज सकाळी हा माणूस एकटा दुकान उघडत होता, आत सिलिंडर होते, आणि दिवा पेटवायचं काम मी येण्याआधी तोच करत होता.

मामांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "तुला कधी शंका आली नाही?"

"नाही," मी म्हणाले. "तुमच्यावर कशी येईल?"