हरणाऱ्यांचा सेनापती

मेक्सिकोतल्या आमच्या पेन्योन वस्तीत नवा जावई आला की बायका आधी एकच चौकशी करतात: हा मेक्सिकन, की फ्रेंच? रोजच्या आयुष्यात आम्ही सगळे मेक्सिकनच, पण पाच मेचं तसं नाही. त्या दिवशी आमच्या टेकडीवर पुएब्लाची जुनी लढाई पुन्हा खेळली जाते आणि कोणी कोणत्या बाजूला उभं राहायचं हे घराण्यावर ठरलेलं असतं.

माझे चेंचोकाका फ्रेंच घराण्यातले. कागदोपत्री नाव क्रेसेन्सिओ ओलिवारेस, धंदा सोफे आणि गाद्या शिवण्याचा. त्यांच्या आजोबांनी ही लढाई पलीकडच्या एका गावात पाहिली आणि मित्र जमवून आमच्याकडे सुरू केली. पण जिंकणाऱ्यांत जायला सगळे तयार, फ्रेंच व्हायला कोणी तयार होईना. शेवटी आजोबा वैतागून म्हणाले, "मरा लेको, मी होतो फ्रेंच!" तेव्हापासून ओलिवारेसांच्या नशिबी लाल विजार आली.

लहानपणी काका या विजारीवरून फार रडायचे. त्यांचे मित्र चेहऱ्याला काजळी फासून डोंगरी शिपाई व्हायचे. पायात चपला, पाठीवर मुळे आणि भाकऱ्यांची टोपली, हातात कोयता. आणि काकांनी काय करायचं, तर झुलत्या गोंड्याची टोपी घालून पळायचं आणि पडायचं.

"आजोबा, आपण एकदा तरी जिंकणार का हो?" त्यांनी एकदा विचारलं.

"नाही."

"का?"

"कारण आपण फ्रेंच आहोत," आजोबा म्हणाले. "अरे, त्या काळी त्यांच्या फौजेला जगात तोड नव्हती. समुद्र ओलांडून आले होते, आपल्या डोक्यावर त्यांचा राजा बसवायला. आणि पुएब्लाजवळच्या डोंगरातल्या गरीब लोकांनी त्यांना पावसाच्या चिखलात लोळवलं."

"मग ते गेले परत?"

"कुठले! पुढच्या वर्षी मोठी फौज घेऊन आले. पुएब्ला घेतलं, राजाही बसवला."

"मग आपण साजरं काय करतो?"

"त्या दिवशी सकाळी कोणाला वाटलं होतं का आपण टिकू? टिकलो! पुढे काही वर्षांनी त्या राजालाही संपवलं, पण हे जमू शकतं ते त्या दिवशी कळलं. आता सांग, समोर रडका फ्रेंच असेल तर लोकांना काय कळणार? तेव्हा डोळे पूस, छाती काढ आणि जरा माज कर."

काकांनी हा उपदेश असा मनावर घेतला की तिशी उलटायच्या आत ते फ्रेंचांचे सेनापती झाले. गणवेश पडद्याच्या मखमलीचा, खांद्यावरच्या सोनेरी झालरी कोणाच्या तरी सोफ्याच्या. मिशांना मेण लावून ते घोड्यावर बसत आणि स्वतःच बनवलेल्या फ्रेंच भाषेत गल्लीला शिव्या घालत. त्यातला एकही शब्द खरा नव्हता, पण पोरं त्यांना पाहून अशी हुर्यो उडवायची की वरून विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानाचाही आवाज ऐकू येत नसे.

लग्नही त्यांचं लढाईतच जमलं. मेक्सिकन सेनापती, म्हणजे जनरल सारागोसा, व्हायचे दॉन मेलेसिओ. त्यांची मुलगी ओतीलिया शिपायांना भाकऱ्या पोचवायची. एका वर्षी तिने मुळ्यांची जुडी भिरकावली ती काकांच्या नाकावर बसली. काका घोड्यावरून उतरले आणि तिच्या पायाशी आडवे झाले.

"उठा की! तुम्ही मरत नाही, पळता," ती म्हणाली.

"कसा पळू? जागीच गेलो."

दॉन मेलेसिओ मात्र खवळले. "फ्रेंचाला मुलगी? मी जिवंत असेपर्यंत नाही!" लोकांना वाटलं थट्टा आहे, ती थट्टा नव्हती. पुढे लग्न झालं, सासरेबुवा आले, मोले, म्हणजे मिरच्यांचं दाट कालवण, तीनदा वाढून घेतलं, पण जावयाला कधी नावाने हाक मारली नाही. पेन्योनभर ते "आमच्या ओतीलियाचा तो फ्रेंच" असंच म्हणत.

अशी बरीच वर्षं गेली. मग तोफेचं वर्ष आलं.

त्या वर्षी मेक्सिकनांनी लोहाराकडून नवी तोफ करून घेतली होती. थोराड, काळीभोर, बघूनच धडकी भरावी अशी. दॉन मेलेसिओ म्हातारे झाले होते, पण तोफेपुढे घोड्यावर मीच बसणार म्हणून अडून बसले. टेकडीखालच्या वळणावर नळासाठी खणलेला चर होता. तोफेचं चाक त्यात गेलं आणि सगळी मेक्सिकन फौज माथा राखायचा सोडून दोरांना लटकली.

इकडे फ्रेंचांना काहीच पत्ता नाही. ते दुसऱ्या बाजूने बार उडवत, धूर करत वर चढले. मी माथ्यावर मावशीबरोबर मिरची-लिंबू लावलेल्या काकड्या विकत होते. बघते तर फ्रेंच फौज थेट आमच्या गाडीपाशी येऊन उभी!

"काका," एक शिपाई धापा टाकत म्हणाला, "आपण... जिंकलो की काय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मावशी ओरडली, "उतरा खाली! लाजा नाहीत मेल्यांना, लोकांच्या टेकडीवर येऊन उभे!"

पण त्या शिपायाला चेव चढला होता. "काका, पणजोबांपासून मार खातोय आपण. आज एकदा रोवू द्या ना झेंडा. कोण अडवतंय?"

काकांनी झेंड्याकडे पाहिलं, मग खाली वळणावर चाललेल्या गोंधळाकडे.

"कोणी अडवत नाही, तीच तर पंचाईत आहे," ते म्हणाले. "रिकाम्या टेकडीवर काय जिंकायचं, काकड्या? चला रे, तोफ आणू."

आणि लाल विजारींची ती सगळी फौज धावत उतार उतरली. दॉन मेलेसिओंनी ती येताना पाहिली आणि तलवार उपसली.

"ए फ्रेंच्या! तोफेला हात लावशील तर बघ!"

"सासरेबुवा, आधी वर तर नेऊ. मग हाणा आम्हाला हिनेच."

"स्वतःच्या फौजेशी गद्दारी करतोस?"

"तुम्ही वेळेवर आला असतात तर करावी लागली नसती!"

लोक खो खो हसायला लागले. काळे चेहरे आणि लाल विजारी एकाच दोराला जुंपल्या. चाक निघालं ते फचकन चिखल उडवत, आणि पहिला सपकारा बसला काकांच्या मेण लावलेल्या मिशांवर. तोफ माथ्यावर पोचली. काकांनी आपली माणसं पुन्हा पायथ्याला नेली, रांगेत उभी केली, घोड्यावर चढले आणि आपल्या त्या खोट्या फ्रेंचमध्ये अशी आरोळी ठोकली की माझ्या अंगावर काटा आला.

मग लढाई झाली. तोफेचा पहिलाच बार असा दणाणला की कुत्री पलंगाखाली शिरली. फ्रेंच असे हरले, असे हरले, की बायकांनी छपरांवरून फुलं टाकली, आणि ती हरणाऱ्यांवर.

संध्याकाळी जेवणाची पंगत बसली. दॉन मेलेसिओंनी ओतीलियाकाकूच्या हातातला डाव काढून घेतला आणि काकांच्या ताटात स्वतः मोले वाढलं.

"जेवा, जावईबापू."

काकूच्या हातून भाकऱ्यांचं फडकं सुटलं. काकांनी कानामागे हात नेला. "काय म्हणालात? बारांमुळे ऐकू आलं नाही."

"एकदाच म्हणतो मी. जेव मुकाट्याने!" म्हातारा ओरडला आणि दोघंही ठसका लागेपर्यंत हसत बसले.

दॉन मेलेसिओ आता नाहीत. काकांचे गुडघे घोड्यावर बसू देत नाहीत, म्हणून फ्रेंचांची सेनापती त्यांची मुलगी रुफिना आहे. मिशा ती कोळशाने काढते. गेल्या वर्षी शिकागोहून आमचा एक भाऊ पहिल्यांदाच आला होता. तो सांगत होता, तिकडे पाच मेला लोक मोठाल्या टोप्या घालून बिअर पितात आणि याला मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन समजतात.

"आणि लढतं कोण?" काकांनी विचारलं.

"कोणीच नाही, काका."

"अरेरे," काका कळवळून म्हणाले. मग गळ्यातली टेप काढून त्यांनी त्याची कंबर मोजायला घेतली. "पोट जरा सुटलंय, पण लाल कापड पुरेल. उभा राहा नीट."

दुसऱ्या दिवशी, पाच मेच्या संध्याकाळी, तो धुराने माखून, एक बूट कुठेतरी हरवून, लंगडत घरी आला आणि दारातूनच ओरडला, "काकू, भूक लागलीय! काय सणकून मार पडला म्हणून सांगू!"