पिना मारलेली पानं

नववीकडून परत आलेली इंग्रजी कादंबरीची पुस्तकं चाळत होते. एका पानावर स्टेपलरच्या पिनेशेजारी दोन जास्तीची भोकं दिसली.

वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या रीतीच्या माणसांना मुलांनी समजून घ्यावं, म्हणून ही परदेशी कादंबरी मी शिकवायला घेतली. तिच्यातली मुलगी ईदला मैत्रिणीच्या घरी जाते, पोटभर जेवते, वर दोनदा मागून घेते. इतकंच. पण "उद्या पालक येऊन बसतील, बाई," म्हणत मुख्याध्यापकांनी सगळ्या पुस्तकांतली ती पानं पिना मारून बंद केली. आणि मी गप्प बसले!

म्हणे समजून घ्या! पण कुणाच्या घरी जाऊ नका, कुणाच्या पंगतीला बसू नका. लांबून हात जोडा आणि पेपरात 'सर्वांचा आदर करावा' लिहून मार्क घ्या.

मी बाकीची पुस्तकं उघडली. सगळीकडे तीच भोकं. पोरांनी पिना काढल्या होत्या, पानं वाचली होती आणि नव्या पिना नीट मारून ठेवल्या होत्या. आधी हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्याच्या घरचं जेवण चोरून वाचायचं असतं, हे आम्ही त्यांना किती पक्कं शिकवलं होतं.