कोळढवात एकही नाही

हरणाळीचे पोलीस पाटील किशनराव यांच्याशी प्लेगवर बोलायला बसलेला माणूस जेवणवेळेपर्यंत सुटत नसे. बिलोली तालुक्यातलं हे दीडशे उंबऱ्यांचं गाव. प्लेग येऊन गेल्याला वर्ष होत आलं, तरी चावडीवर विषय तोच होता. निजाम सरकारनं प्लेगचा बंदोबस्त नीट केला की नाही? शाळेचे श्रीपाद मास्तर सरकारचा पगार घेणारे, म्हणून सरकारच्या बाजूचे. किशनराव विरुद्ध बाजूला, आणि त्यांच्याजवळ मुद्दे बक्कळ होते.

"हुकूम कवा आला? निम्मं गाव पडल्यावर," ते म्हणत. "त्यो बी उर्दूत. वाचणारा पटवारी तापानं फणफणलेला. डागदर आला, वेशीवर घोडा उभा केला, नाकाला रुमाल लावला अन् गेला. तिकडं इंग्रजी मुलखात घरोघर सुई टोचून राहिले होते. आपल्याला कुणी टोचलं, सांगा की मास्तर."

"इंग्रजी मुलखातही माणसं काही थोडी गेली नाहीत," मास्तर म्हणायचे. मग ते पुण्याचं काढायचे, सोलापूरचं काढायचे. किशनराव एकेक खोडून काढायचे. वाद रंगात यायचा आणि किशनराव जिंकणार असं दिसू लागलं, की मास्तर शांतपणे म्हणायचे, "पण पाटील, कोळढवाला हुकूम तोच, डॉक्टरही तोच. मग तिथं एकही माणूस कसं गेलं नाही?"

इथं किशनराव पागोटं उचलून घरची वाट धरायचे. कोळढव म्हणजे ओढ्यापलीकडचं गाव आणि तिथले पाटील म्हणजे हणमंतराव, किशनरावांचे धाकटे साडू. किशनरावांची बायको कस्तुराबाई थोरली, हणमंतरावांची केवळाबाई धाकटी. हरणाळीत प्लेगनं एकोणीस माणसं गेली. त्यांत किशनरावांचा एकुलता एक मुलगा उद्धव होता, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. कोळढवात मात्र एकही नाही. तहसीलदारांनी हणमंतरावांना बिलोलीला बोलावून चारचौघांत शेला दिला होता.

तो शेला किशनरावांच्या डोळ्यांत कुसळासारखा सलत होता. हणमंतराव लग्नकार्याला तो खांद्यावर टाकून आले, की किशनराव उठून गोठ्याकडे जायचे. कुणी म्हटलं, हणमंतराव मोठा हिकमती माणूस, की यांना ठसका लागायचा. हिकमत कसली? जो माणूस स्वतःच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी जेवायला बसला होता, त्याला हिकमती म्हणायचं? कस्तुराबाईनं बहिणीकडून आलेल्या कुरड्या तळल्या, तर किशनरावांना त्या खारट लागायच्या. त्याच कुरड्या शेजारणीच्या म्हणून वाढल्या, तेव्हा त्यांनी दोनदा मागून घेतल्या.

"लपवले मुडदे," ते घरात ठासून सांगत. "ताप म्हणून लिवलं, म्हातारपण म्हणून लिवलं अन् शेला घेऊन बसला. लोक गेले तिथंबी. हितल्यापेक्षा जास्तच गेले असतील." हे ते मुद्दाम सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत. सून महानंदा चुलीपाशी असे. ती ऐकून घेई.

त्या गोष्टीवर किशनरावांचं किती अवलंबून होतं, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. कोळढवातही माणसं मेली असतील, तर दोष सरकारचा. तिथं खरंच कुणी मेलं नसेल, तर दोष हरणाळीच्या पाटलाचा, म्हणजे उद्धवच्या बापाचा.

कारण मधे तो कौल होता. गाव सोडून रानात खोपटी घालायची, तर आधी मरीआईला विचारायचं, अशी दोन्ही गावांची रीत. मंगळवारी देवीच्या शेंदरी दगडाला दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर निघा, डावं पडलं तर थांबा. उंदीर दोन्ही गावांत एकाच आठवड्यात पडले होते आणि दोन्ही पाटलांनी कौल लावला तो एकाच मंगळवारी. दोन्हीकडं डावं फूल पडलं. किशनरावांनी हात जोडले आणि पुढच्या मंगळवारपर्यंत गाव थांबवलं. हणमंतरावांनी तिथंच बसून पुन्हा कौल लावला. पुन्हा डावं. मग तिसऱ्यांदा. उजवं पडलं, तसा दिवस मावळायच्या आत त्यांनी सारा गाव गुराढोरांसकट माळावर नेला. या घासाघिशीची किशनरावांनी वर्षभर टिंगल केली होती. देवी म्हणजे काय बाजारातली वांगीवाली?

पुढचा मंगळवार यायच्या आत हरणाळीत सात गेले होते. उद्धवच्या जांघेत शनिवारी गाठ आली.

संक्रांतीच्या आधी देगलूरची सिद्धम्मा बांगड्यांची टोपली घेऊन आली आणि किशनरावांना एकदम सुचलं. तहसीलला फसवता येतं, कासारणीला कसं फसवणार? आसपासच्या बारा गावांतल्या बायकांचे हात हिच्या हातांखालून जातात. कुणाचं कुंकू गेलं, कोण बाई गेली, हिला ठाऊक असणारच. त्यांनी तिला ओसरीवर बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "कोळढवाला जातीस न्हवं? पिलेगानंतर तिथं किती हात कमी झाले?"

सिद्धम्मा एकेक घर आठवत बोटांवर मोजू लागली. किशनराव पुढं सरकून बसले. पाच जरी निघाले असते, तरी त्यांनी तिला लुगडं नेसवलं असतं.

"कमी न्हाई झाले, पाटील," ती म्हणाली. "वाढले. तीन सुना आल्या नव्या. तिथनं माझी टोपली रिकामी होऊन येते. हितनं मात्र..." टोपलीवर फडकं टाकून तिनं विषय हवापाण्यावर नेला.

किशनरावांना आधी झोंबल्या त्या तीन सुना. साडूच्या गावात वाजंत्री वाजली, मांडव पडले आणि आपल्या ओसरीवर कासारीण टोपली झाकून बसली आहे. त्या क्षणी कोळढवात दहा-वीस माणसं खरंच मेली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं. असं आपल्या मनात आलं हे कळलं, तेव्हा त्यांना स्वतःची शिसारी आली.

सिद्धम्मा गेली. महानंदा तांब्या उचलायला बाहेर आली.

"काय म्हणली, मामंजी?"

तेच वर्षभराचं उत्तर त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण समोर तिचे बिनबांगड्यांचे दोन्ही हात होते.

"तिथं कुणीबी न्हाई गेलं," ते म्हणाले. "मी खोटं बोलून राहिलो होतो."

महानंदा खांबाला टेकून उभी राहिली. मग तिनं हळू आवाजात विचारलं, "कौल परत लावावा, असं तुमच्या मनात आलंच न्हाई का तवा?"

"आलं होतं. रातभर तेच डोक्यात होतं. मंगळवार नसला तरी बुधवारी पहाटं उठून फुलंबी तोडून आणली म्या."

"मग?"



"तेवढ्यात कोळढवाचा माणूस आला सांगावा घेऊन. हणमंतानं तीनदा कौल लावला अन् गाव हलवला, तुमीबी तसंच करा म्हणला." त्यांनी अंगणाकडं तोंड फिरवलं. "त्यानं आधी केलं होतं, पोरी. त्याचं बघून केलं असं लोक म्हणले असते. म्या फुलं गाईपुढं टाकली."