टाकीतला गुलाबी

कापड रंगवण्याच्या कारखान्यात तिला सगळे शेडबाई म्हणत. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या चिंधीचा रंग नव्या कापडावर तंतोतंत उतरला की नाही, हे ती ठरवी. तिच्या खोलीच्या भिंती राखाडी होत्या आणि ती स्वतःही कामावर करडेच कपडे घाली, कारण अंगावरच्या लाल-पिवळ्याची झाक चिंधीवर पडते. दोन चिंध्या ती आधी दिव्याखाली धरी, मग खिडकीशी नेई. दिव्याखाली जुळलेले रंग पुष्कळदा उन्हात फुटतात. एक हिरवा राहतो, दुसरा मातकट होतो. असले फुटके रंग तिने आयुष्यभर पकडले. रंगखात्याचा मास्तर चिडला की म्हणे, "बाई, तुम्ही देवालासुद्धा आभाळ परत न्यायला लावाल."

"संध्याकाळचं लावीन," ती म्हणे. "फार लाल करतो."

नवऱ्याला यातलं काही कळत नसे. निळा आणि जांभळा त्याला एकच. दोन रंगांचे मोजे घालून तो ऑफिसला निघे आणि ती दारातून ओरडे, "अहो, पाय बघा."

"दोनच आहेत," तो मागे न बघता म्हणे.

मग त्याची मूत्रपिंडं गेली. एक दिवसाआड डोंगरापलीकडच्या शहरात डायलिसिसला जावं लागे. परतीच्या बसमध्ये त्याला उभं राहवेना, म्हणून तिने या वयात गाडी शिकून घेतली आणि एका निवृत्त शिक्षकाची जुनी गाडी दारात आणून लावली. आता रोज सकाळी ती त्याचे पाय खरंच बघे. घोट्यावर अंगठा दाबायचा आणि खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते पाहायचं. मग चेहरा. चेहऱ्याच्या राखाडीत पिवळा किती आहे, यावरून तिला दिवस कळे. त्याला प्यायला मोजकंच पाणी मिळे, आणि घरात नळ सुरू झाला की तो मान तिकडे वळवी. ते तिला दिसे. न दिसण्याची सोय तिच्या डोळ्यांना नव्हती.

चूक झाली ती एका दुपारी, गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात. बॉनेटखालच्या प्लास्टिकच्या टाकीतलं, इंजिन थंड ठेवणारं गुलाबी कूलंट खुणेच्या खाली गेलं होतं. तिने पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा त्यात बुडवला, वाळवला आणि पर्समध्ये घालून दुकानात नेला.

"गाडी कुठली? कुठल्या सालची?" दुकानदाराने विचारलं.

"ती काय, बाहेर उभी आहे. साल राहू द्या. हा रंग दाखवा."

"रंगाचं काय घेऊन बसलात, ताई? तो प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने घालते. आतलं रसायन जुळायला हवं. एजन्सीत फोन लावतो, तुमच्या गाडीला कुठलं चालतं ते सांगतील."

फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. नवरा घरी एकटाच होता. तिने घड्याळ बघितलं.

"जेवायला गेले असतील. बसा जरा," दुकानदार म्हणाला.

"बसायला वेळ नाही. गुलाबी दाखवा, सगळे."

त्याने डबे मांडले. तिने कापडाच्या कोपऱ्यांवर प्रत्येकातला थेंब घेतला, ट्यूबलाइटखाली बघितला, रस्त्यावर जाऊन उन्हात बघितला. एक दोन्हीकडे जुळला. अगदी जुळा भाऊ.

"पडद्याला मॅचिंग उशी घेतल्यासारखं कूलंट घेताय तुम्ही," दुकानदार म्हणाला.

"गुलाबी तुम्ही मला शिकवू नका," ती म्हणाली आणि डबा उचलला.

ती हलगर्जी असती तर परवडलं असतं. घाईतल्या माणसाने पहिला डबा उचलला असता, मग मनात शंका राहिली असती, मग त्याने कुणालातरी विचारलं असतं. तिने नीट पाहिलं होतं, त्यामुळे शंकेला जागाच उरली नव्हती.

काही आठवडे काहीच झालं नाही. मग चढावर तापमानाचा काटा नेहमीपेक्षा किंचित वर राहू लागला. सकाळी बॉनेट उघडून ती टाकी बघे. गुलाबीत तपकिरी उतरत होता, चिमूटभर, दुसऱ्या कुणाला दिसला नसता इतका. तिला पहिल्याच दिवशी दिसला. टाकीचं प्लास्टिक जुनं आहे, त्याचा पिवळेपणा असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. कारखान्यात कुणी असली सबब दिली असती, तर तिने चिंधी त्याच्या तोंडावर फेकली असती. नवऱ्याला काही बोलली नाही. गाडी गॅरेजला टाकली तर ती किती दिवस अडकेल, आणि तोवर याला कसं न्यायचं, हा प्रश्न तिला बॉनेट बंद करायला लावी.

त्या आठवड्यात डायलिसिसचं मशीन मधेच बिघडलं आणि त्याला अर्ध्यावरच घरी पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "पुढची वेळ चुकवू नका. पाणी छातीत चढलं तर धावपळ होईल."

पुढच्या वेळी निघताना तिने पाण्याची मोठी बाटली त्याच्या पायाशी ठेवली. अर्धा डोंगर चढेपर्यंत काट्याने मधली रेघ ओलांडली. तिने एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाईल. गरम वारा नवऱ्याच्या तोंडावर आला.

"हे काय? मला शिजवायचं ठरवलंय का?"

"इंजिन तापतंय. जरा सोसा."

त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "ही बाटली गाडीची?"

"गाडीची."

"नुसती बघतोय."

"बघूही नका."

"वा. गाडीला बाटलीभर आणि मला बघायलाही बंदी."

"तिलाही आत्ता नाही. तापलेलं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येईल."

काटा लालला टेकायच्या आत तिने वळणावर गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं. झाकणाला हात लावायची गरज नव्हती, टाकीच्या भिंतीतूनच दिसत होतं. आत कापडाला लावायच्या खळीसारखं दाट, तपकिरी काहीतरी चढलं होतं. दोन गुलाबी एकमेकांचे कुणीच नव्हते. कुठल्याही दिव्याखाली, कुठल्याही उन्हात तिला ते दिसलं नसतं. फुटायला त्यांना आग लागत होती.

ती रस्त्यात उभी राहून हात करू लागली. एक गाडी वेग कमी करून पुढे निघून गेली, दुसरीने तेवढंही केलं नाही. नवऱ्याचा श्वास उघड्या दारातून ऐकू येत होता, वाक्य सांगता सांगता मधेच थांबल्यासारखा.

"अगं, थंड होईस्तोवर थांबू," तो म्हणाला. "मी काही मरत नाही लगेच."

"गप्प बसा."

काटा उतरला की ती थोडी चढे, मग थांबे, पुन्हा चढे. प्रत्येक थांब्यावर ती आधी त्याचा चेहरा बघे आणि मग काटा. दोन्ही तिच्याविरुद्ध एक झाले होते. माथा आला तेव्हा तिची पाठ घामाने आसनाला चिकटली होती. पुढे उतार होता.

"उशीर केलात, काका," नर्स म्हणाली. "तुमची जागा दुसऱ्याला देणार होते." आणि त्याला आत घेऊन गेली.

शेडबाईने तशीच गाडी रुग्णालयामागच्या गॅरेजात नेली. मेकॅनिकने इंजिन निवू दिलं आणि रेडिएटरखालचं बूच काढलं. तपकिरी लगदा घमेल्यात पडला. त्याने तो बोटांत चोळला.

"दोन जातींचं मिसळलंय, मावशी. रेडिएटरच्या नळ्या चोंदल्यात. कुणी घातलं?"

"मी."

"रंग बघून घातलं असेल. पुष्कळ जण घालतात."

"पुष्कळ जण माझ्याइतकं बघत नाहीत," ती म्हणाली. त्याला ती बढाई वाटली असावी, तो हसला.

त्याने तिच्याकडून गाडीचं मॉडेल आणि साल विचारून घेतलं, एजन्सीला फोन लावला. या वेळी उचलला गेला. मग तो सफाईचं औषध घालून इंजिन चालवू लागला, निववू लागला, धुवू लागला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "झालं. स्वच्छ पाणी येतंय."

तिने ते पांढऱ्या मगात घेतलं आणि दारातल्या उन्हात धरलं. "नाही. झाक आहे."

"कुठे?"

"आहे. पुन्हा धुवा."

त्याने धुतलं. तिने मग धरला. "पुन्हा."

"मावशी, आता तरी सांगा."

आता मगात काही नव्हतं. मगाचा तळ दिसत होता आणि त्यावरचा एक चरा. तरी तिच्या तोंडून 'हो' निघेना. कारखान्यात तिच्या एका होकारावर कापडाचे गठ्ठेच्या गठ्ठे रवाना होत; इथे मगभर पाण्यापुढे ती उभी होती आणि स्वतःचे डोळे दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे वाटत होते.

"पाण्याला रंग नसतो हो," मेकॅनिक कंटाळून म्हणाला आणि त्याने तिच्या हातातला मग काढून घेतला.

एजन्सीने सांगितलेल्या जातीचं कूलंट हिरवं निघालं, कच्च्या पोपटी झाकेचं. ते टाकीत पडताना ती दुसरीकडे बघत राहिली.

"तापून इंजिनाच्या हेडला धक्का बसला असेल तर चढावर कळेल," तो हात पुसत म्हणाला. "काट्यावर लक्ष ठेवा."

संध्याकाळी नवरा पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखा बाहेर आला. श्वास मात्र मोकळा झाला होता. निघताना तिने त्याला गुलाबी डब्याचं सगळं सांगून टाकलं. गाडी चढाला लागली. ती काटा बघे, रस्ता बघे, पुन्हा काटा. एका वळणावर चाक कडेच्या खडीत गेलं.

"तू रस्ता बघ," तो म्हणाला. "काटा मी बघतो."

काटा खरंतर तिच्याच समोर होता, पण त्याने मान तिच्याकडे कलती केली.

"किती?" तिने विचारलं.

"मधे."

वळण. "किती?"

"मधे."

कुणाची तरी गाडी तापून थांबली असावी, अशी एक जागा मागे पडली. तिथे जमिनीवर ओला डाग अजून होता, किंवा सावली होती. तिने नीट पाहिलं नाही. "आता किती?"

"मधेच आहे."

आवाज जड वाटला म्हणून तिने वळून बघितलं. त्याची मान तशीच कलती होती आणि डोळे मिटलेले होते.

"अहो! डोळे मिटून सांगताय?"

"दुकानात तुझे उघडेच होते ना," तो डोळे न उघडता म्हणाला. "मग?"

तिने काट्याकडे एक नजर टाकली. मधे होता. पुढे सगळ्यात उभा चढ होता. तिने गिअर खाली घेतला, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले आणि नजर रस्त्यावर ठेवून विचारलं, "किती?"